वाफेची खोळ

नागपूरच्या मे महिन्यात प्रॅक्टिकल कुणी ठेवतं का?
ठेवलं होतं. बाहेर सेहेचाळीस,
कूलरच्या वाळ्याला कालच्या पाण्याचा आंबूस वास,
आणि टेबलावर काचेच्या भांड्यात
मी पुन्हा पाणी तापवत होतो.

भांड्यात आडवी ताणलेली नायक्रोमची तार,
बोटभर लांब, केसाहून जराशी जाड.
डिमर फिरवायचा, आकडे लिहायचे,
शेवटी तार तुटते. त्यासाठीच असते ती.
एकोणतीस वर्षं मी ती बदलतो आहे.
स्टोअरच्या रजिस्टरात ओळीनं माझी सही:
डी. एम. नखाते, तार एक.
डी. एम. नखाते, तार एक.

पाणी आधी गप्प असतं.
मग तारेवर एखादी जागा जागी होते,
ओरखड्यात, खाचेत, जिथे चिमूटभर हवा दडून बसलेली.
पहिला बुडबुडा तिथून.
अगदी गुळगुळीत तारेला उशिरा फुटतात ते,
असं पुस्तकात आहे म्हणे,
मी नखानं तार चाचपून शिकलो.

हळूहळू अख्खी तार मोहरते.
एकेक बुडबुडा आपल्या वाटचा ताप उचलून वर निघतो,
रिकाम्या जागी खालचं पाणी धावत येतं.
भांडं कोकलतं नुसतं,
आणि याच गोंगाटात तार सगळ्यात सुखात असते.

"वाढवा न काका अजून," पोरं म्हणतात.
दोन व्होल्ट.
अचानक आवाज बसतो.
बुडबुडे एकमेकांना चिकटून वाफेची खोळ होते तारेवर,
पाणी चहूबाजूंनी, पण लागत नाही तिला.
पाण्याच्या मधोमध तार लाल.
टक्.

पौर्णिमा टेंभुर्णे नावाच्या पोरीनं विचारलं,
"तुटायच्या आधी थांबता नाही येत का?"
येतं की. आवाज बदलतो, त्याआधी.
"मग काहून नाही थांबत कोणी?"
रकान्यात तुटल्याचाच आकडा लिहा लागते, बाप्पा.

माझा साळा गुणवंता हिंगण्याला फोर्जिंगमध्ये होता.
लाल गिअर पाण्यात बुडवायचं काम.
म्हणायचा, टाकून सोडलं की वरून वाफ धरते,
आतला जाळ आतच राहते भाऊजी,
चिमट्यात धरून हलवत राहा लागते, खोळ फाटेपर्यंत.
त्याच्या फॅक्टरीला कुलूप लागलं
तेव्हा आमच्या पोर्चमध्ये येऊन बसला, चप्पल न काढता.
सगळ्यांनी पाणी ओतलं त्याच्यावर. मी सगळ्यात जास्त.
दुसरी मिळेल. वय काय तुझं. पीएफ तर आहे न.
माझी वाक्यं त्याच्यापासून केसभर वर
गोळ्या होऊन पळत होती,
तापल्या तव्यावर थेंब पळतात तशी.

बायको बोलली नाही काही.
दिवेलागणीला बादली दिली त्याच्या हातात,
"चाल, गच्चीवर पाणी मारू लाग."

स्लॅब असेल पन्नास-साठ अंशांचा. तिथे उकळत नाही काही,
पाणी नुसतं मुरतं, सिमेंटचा वास येतो.
पहिली बादली त्यानं एकाच जागी उपडी केली.
चौथीला चालू लागला,
टाकीच्या मागे, जिन्याच्या तोंडाशी, कोपऱ्यात.
सातवीला नळाची धार गेली.
त्यानं नळाला शिवी दिली,
मग कार्पोरेशनला,
मग मालकाला, नावानिशी, आईबापासकट.
बायको खाली भाकरी थापत होती. तिचा हात थांबला,
आणि पुन्हा सुरू झाला.

या महिन्याअखेर मी रिटायर.
पौर्णिमाच्या बॅचला डिमरवर माझाच हात होता.
आवाज बसायच्या किंचित आधी मी तो मागे घेतला.
"काका, रीडिंग?"
पाणी अजून खदखदत होतं.
तार शाबूत. नुसती काळवंडलेली.

रजिस्टरात तारीख टाकली,
तारेचा रकाना कोरा ठेवला, सही केली.
साहेब विचारतील.
विचारोत.